ताऱ्यांचं शिकून झालं, आता पोटाचं काय?

गेल्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले की फिजिक्स शिकलेला माणूस काही उपाशी मरत नाही, आणि त्या एका ओळीवरून महिनाभर एवढी पत्रं आलीत की संपादक म्हणाले आता तूच निस्तर. बहुतेकांचा प्रश्न एकच, ॲस्ट्रॉनॉमी करून पुढे काय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी स्वतः एमेस्सी फिजिक्स, मग दोन वर्षं पुण्यात एका संस्थेत प्रोजेक्टवर होते, रेडिओ दुर्बिणीचा डेटा साफ करायचे, पीएचडी केली नाही, आणि आता अकरा वर्षं लोअर परळला एका बँकेच्या रिस्क टीममध्ये आहे. म्हणजे मी ती लाइन सोडून आलेली बाई आहे, ते लक्षात ठेवूनच वाचा. पाच पत्रं घेतलीयेत, नाव छापू नका असं पाचही जणांनी सांगितलंय.

मुलगी अकरावी सायन्सला आहे. चांद्रयान उतरलं तेव्हापासून एकच धरून बसलीये, ॲस्ट्रॉनॉमीची डिग्री घेणार आणि इस्रोत जाणार. हिचे बाबा म्हणतात आधी इंजिनिअरिंग कर, मग बघ काय ते तारे. मुंबईत असं कॉलेज आहे का? आणि नोकरी लागते का हो खरंच? (एक आई, डोंबिवली)

ताई, आधी एक गुंता सोडवू. इस्रो वेगळी आणि ॲस्ट्रॉनॉमी वेगळी. हे बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं, मलाही बीएस्सीला जाईपर्यंत नव्हतं. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम चंद्रावर उतरलं ते इंजिन, सेन्सर, सॉफ्टवेअर असल्या सगळ्याच्या जोरावर, म्हणजे मुख्यतः इंजिनिअर लोकांचं काम. इस्रोच्या भरतीच्या जाहिराती काढून बघा, बहुतेक जागा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल नाहीतर कॉम्प्युटरवाल्यांसाठी असतात. आकाश बघणारे उपग्रहही इस्रो सोडते, ॲस्ट्रोसॅट २०१५ ला गेला, आदित्य एल-१ २०२३ ला, पण त्यांच्यावरची उपकरणं बऱ्याचदा दुसऱ्याच संशोधन संस्थांनी बनवलेली असतात. ॲस्ट्रोसॅटवरची सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरची, आणि आदित्यवरून सूर्याचे अल्ट्राव्हायोलेट फोटो काढतेय ती दुर्बीण पुण्याच्या आयुकाची.

तर लेकीला एवढंच विचारा, तुला यान उडवायचंय का तारा कसा जळतो ते शोधायचंय? यान असेल तर बाबांचं बरोबर आहे (आज त्यांना शिरा करून घाला). तारा असेल तर फिजिक्स. आणि दोन्ही हवं असेल तर तिरुवनंतपुरमला इस्रोचंच आयआयएसटी आहे, तिथे जेईई ॲडव्हान्स्डवरून ॲडमिशन मिळते, मेहनत करायची तयारी असेल तर तेही डोक्यात ठेवा.

आता कॉलेज. बीएस्सी ॲस्ट्रॉनॉमी असं लिहिलेलं कॉलेज शोधूच नका. साधं बीएस्सी फिजिक्स घ्यायचं, सोबत मॅथ्स भरपूर. तुमच्यापासून लांब नाही असं एक ठिकाण सांगते, कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या आवारात सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेस आहे, पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमेस्सी, नेस्ट नावाची परीक्षा द्यावी लागते. पुण्याचं आयसर आहे, सायन्ससाठीचीच केंद्र सरकारची संस्था, त्यांची वेगळी परीक्षा. आणि यातलं काही नाही झालं तरी जवळच्या बऱ्या कॉलेजातून बीएस्सी करून नंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमेस्सीला जाणारी मुलं ढिगाने आहेत, आयआयटी इंदूरला तर ॲस्ट्रॉनॉमीचंच एमेस्सी आहे. डिग्रीच्या कागदावर फिजिक्स हा शब्द कुठेतरी असू दे असं मी पहिल्यापासून ओरडून सांगतेय, का ते खाली भांडुपच्या मुलाला लिहिलंय.

अकरावीत आहे ते बरंच आहे, अजून वेळ आहे. मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरमध्ये ॲस्ट्रॉनॉमी ऑलिंपियाडची तयारी करून घेतात, त्याची पहिली पायरी म्हणजे एनएसईए ही परीक्षा, तिला एकदा बसू दे. पास व्हायलाच पाहिजे असं नाही, पेपर बघूनच कळतं की हे तारे बघणं नाहीये, हे गणित आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये या ऑलिंपियाडची आंतरराष्ट्रीय फेरी मुंबईतच झाली होती.

आणि एक काम आवर्जून करा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी उघडी असते. नारायणगावजवळ खोडदला. कल्याणवरून माळशेज घाटाने आळेफाटा आणि तिथून नारायणगाव, डबा घेऊन निघा, बाबांनाही न्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, पहिल्यांदा बघितल्यावर कोणाचंही तोंड उघडंच राहतं. पण तुम्ही डिशकडे बघू नका, पोरीकडे बघा. ती बाहेर डिशखाली रमते, का आतल्या खोलीत जिथे वायरींचं जंगल आणि कॉम्प्युटरचे रॅक आहेत तिथल्या इंजिनिअरला प्रश्न विचारत बसते? तुमच्या घरातला अर्धा वाद तिथेच मिटेल. कारण ती दुर्बीण चालवायला इलेक्ट्रॉनिक्सवालेही तेवढेच लागतात, इंजिनिअरिंग केलं म्हणजे ताऱ्यांचं दार बंद झालं असं अजिबात नाही.

ताई, एमेस्सी फिजिक्स केलंय, स्पेशलायझेशन ॲस्ट्रोफिजिक्स, ६८ टक्के. नेट (पीएचडीच्या फेलोशिपची आणि प्राध्यापकीची परीक्षा) दोनदा दिली, नाही निघाली. आठ महिने सीव्ही पाठवतोय, कोणी उत्तरसुद्धा देत नाही. एका इंटरव्ह्यूत एचआरच्या मॅडमनी विचारलं, म्हणजे तुम्ही पत्रिका बघता का? बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. (वय २४, भांडुप)

पत्रिकेचा प्रश्न मलाही विचारलेला रे. चाळीतल्या आजी तर मी सुट्टीत घरी आले की नातवाची कुंडली घेऊन दारात. चूक त्यांची नाही, आपल्याकडे ज्योतिष हा शब्द पूर्वीपासून दोन्हीला वापरला गेलाय. पण एचआरने विचारलं याचा अर्थ असा की तुझ्या सीव्हीत असं काहीच नव्हतं ज्यावरून तिला कळावं की तू दिवसभर नेमकं काय करायचास.

माझ्या पहिल्या सीव्हीत लिहिलेलं होतं, "पल्सारच्या रेडिओ निरीक्षणांचा अभ्यास." (पल्सार म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ सिग्नल देणारा तारा.) एक सीनियर मैत्रीण, ती माझ्या आधी बाहेर पडून इन्शुरन्समध्ये गेली होती, तिने ते वाचलं आणि म्हणाली, यावरून समोरच्याला काय कळणार, तू रात्री गच्चीत चटई टाकून बसायचीस? मग दादरला एका हॉटेलात बसून, वेटर दोनदा येऊन बिल ठेवून गेला तरी, तिने तीच ओळ माझ्याकडून परत लिहून घेतली. काय डेटा होता? हजारो फायली. त्यात काय गडबड होती? मोबाइल टॉवर, विजेच्या तारा, विमानं, सगळ्यांचे सिग्नल घुसलेले. मग तू काय केलंस? खरे आणि खोटे सिग्नल वेगळे करणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला, आधी हाताने दोन दिवस लागायचे ते दोन तासांवर आलं. हे लिही, म्हणाली. पल्सार हा शब्द राहू दे पण शेवटी टाक.

त्या ओळीवर मला नोकरी मिळाली. आणि गंमत बघ, आज बँकेत करते ते त्यापेक्षा फार वेगळं नाहीच, लाखो व्यवहार येतात, त्यातले चारदोन खोटे, ते शोधायचे आणि खऱ्या माणसाचं कार्ड उगाच ब्लॉक होऊ द्यायचं नाही. खऱ्या सिग्नलला कचरा समजून फेकलं तर पल्सार हातचा जातो, इथे कस्टमर जातो.

तर आता तुझं. पहिलं म्हणजे एमेस्सीचा प्रोजेक्ट काढ आणि वरच्यासारखी चिरफाड कर. प्रोजेक्ट नुसता वाचून लिहिलेला असेल (खरं बोल, खूप जणांचा असतो, गाइडला वेळ नसतो आणि कॉलेजात डेटा नसतो) तर आता नवीन कर. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. नासाच्या टेस उपग्रहाचा डेटा फुकट आहे, पायथनमध्ये लाइटकर्व्ह नावाचं पॅकेज आहे, भांडुपला घरी बसून एखाद्या ताऱ्याचा प्रकाश ग्रह समोरून जाताना किती कमी होतो ते काढता येतं. गाया उपग्रहाचा जवळजवळ दोन अब्ज ताऱ्यांचा कॅटलॉग सगळ्यांना उघडा आहे. चिलीतली रुबिन वेधशाळा एका रात्रीत २० टेराबाइटच्या आसपास डेटा काढते, म्हणजे माणसांनी बघायचा डेटा नव्हेच तो, प्रोग्रॅमनेच बघायचा. त्यामुळे आज ॲस्ट्रॉनॉमी शिकणं म्हणजे अर्धं डेटाचंच काम शिकणं झालंय, फक्त आपल्या कॉलेजांच्या सिलॅबसला ते अजून नीट कळलेलं नाही. एक काम पूर्ण कर, गिटहबवर (आपले प्रोग्रॅम लोकांना बघायला ठेवायची साइट) टाक, दोन पानं साध्या भाषेत लिही की काय केलं, कुठे चुकलं. चुकलं ते लिही खास, इंटरव्ह्यू घेणारा तिथेच थांबतो, मी स्वतः तिथेच थांबते.

दुसरं, एसक्यूएल शिक, डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. हे आपल्याला कोणी शिकवत नाही आणि कंपनीत पहिल्या दिवशी तेच लागतं. तीन महिने मन लावलंस तर येईल. आणि एक्सेलला हसू नकोस, मी हसले होते, बॉसने पहिल्याच आठवड्यात जिरवली.

अर्ज फक्त "ॲस्ट्रॉनॉमी जॉब" असं टाकून शोधू नकोस, असा जॉब नसतो. बँका, इन्शुरन्स, मार्केट रिसर्च यांच्या ॲनालिटिक्स टीम बघ, ऐरोली, पवई, बीकेसी, पहिला पगार ऐकून घरी फार आनंद होणार नाही पण दोन वर्षांनी चित्र बदलतं. सॅटेलाइट इमेजचं काम बघ, फोटोतला नॉइज काढणं तुला येतंच, आयआयटी बॉम्बेत रिमोट सेन्सिंगचं एम.टेक. आहे, त्याला गेट परीक्षा लागते. स्पेसच्या खाजगी कंपन्या मुंबईपेक्षा बेंगळुरूला जास्त, पिक्सेल नावाची कंपनी उपग्रहावरून पृथ्वीचे फोटो काढते, दिगंतरा अवकाशातल्या कचऱ्यावर नजर ठेवते. आकाशातला एक ठिपका कुठल्या वेगाने कुठे चाललाय हे काढणं आपल्या लोकांचं जुनंच काम आहे.

आता डेटा नको वाटत असेल तर. इथे तुझ्या डिग्रीवरचा फिजिक्स हा शब्द उपयोगाला येतो, म्हणूनच वर डोंबिवलीच्या ताईंना बजावलं. बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आहे, एमेस्सी फिजिक्सवाल्यांसाठी, तो केला की कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट होता येतं, पेशंटला रेडिएशन किती आणि कुठल्या कोनातून द्यायचं ते हिशेब करणारा माणूस. हॉस्पिटलांना असा माणूस ठेवावाच लागतो, आणि आपल्या पोरांना हे दारच माहीत नसतं, अणुशक्तीनगर भांडुपपासून कितीसं लांब आहे! बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूललाही फिजिक्सवाले घेतात, स्पर्धा कडक आहे. हवामान खात्याच्या भरतीवर लक्ष ठेव. जाहिरातीत "फिजिक्स" लिहिलेलं असलं आणि सर्टिफिकेटवर नुसतं "स्पेस सायन्स" असलं की मग समकक्षतेचा कागद आणा, विद्यापीठात खेटे घाला, असलं सगळं सुरू होतं. माझी एक मैत्रीण त्या एका कागदासाठी चार महिने हेलपाटे घालत होती, तोवर भरतीची तारीख गेली.

शिकवायचं म्हणत असशील तर दोन टोकं आहेत. सीनियर कॉलेजला सेट-नेट करून लागायचं तर कायमच्या जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर किती वर्षं काढावी लागतील त्याचा नेम नाही, तेवढ्यात घर चालत नाही, हे कडू आहे पण आहे. उलट जेईई-नीटच्या क्लासेसमध्ये फिजिक्स चांगलं शिकवणाऱ्याला मान आणि पैसा दोन्ही मिळतात, फक्त आठवड्यातून सहा दिवस घसा फाटेस्तोवर बोलायची तयारी पाहिजे.

आणि नेटशिवायही एक चोरवाट आहे. टीआयएफआर, पुण्याची एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी), आयआयटी, नवीन पनवेलची भूचुंबकत्व संस्था, यांच्या प्रोजेक्टच्या जागा निघत असतात, मुदत एकदोन वर्षांची, खूपदा नेटची अट नसते. पनवेलवाल्यांचं नाव मुद्दाम घेतलं कारण तिथे कोणाचं लक्ष जात नाही. ही संस्था म्हणजे मूळची आपली कुलाब्याची वेधशाळा. १८२६ ला सुरू झालेली. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या महावादळाने पृथ्वीचं चुंबकत्व हललं ते कुलाब्याच्या उपकरणांनी नोंदवलं, आणि जगातले लोक अजून तो आकडा घेऊन भांडतात. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ ला ते काम अलिबागला गेलं. सूर्याच्या वादळांचा उपग्रहांना आणि वीजजाळ्याला काय धोका हा आज चांगला चालता विषय आहे. तिथल्या जाहिराती महिन्यातून एकदा तरी बघत जा.

नेट तिसऱ्यांदा दे, पण एकदाच, आणि नोकरी करता करता. घरी बसून फक्त नेट करू नकोस. बाबांना या महिन्यात सगळं नीट सांग, त्यांना वाटत असेल तू मोबाइल बघत बसतोस.

भाच्याला यूकेत एका विद्यापीठात एक वर्षाच्या ॲस्ट्रोफिजिक्स एमेस्सीची ऑफर आलीये. सगळं मिळून ३५ लाख खर्च, माझी बहीण राहता फ्लॅट गहाण ठेवायला तयार आहे. मामा म्हणून मी सही करू का? (ठाणे)

नका करू.

कारण सांगते. या विषयात पुढे जायचं म्हणजे पीएचडी करायची, आणि पीएचडीला आपण पैसे भरत नाही, ते आपल्याला देतात. भारतात जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सरकारी फेलोशिपला, महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. अमेरिकेत फिजिक्स-ॲस्ट्रॉनॉमीच्या पीएचडीला बीएस्सीनंतर थेट घेतात, फी माफ असते आणि वर स्टायपेंड. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी एमेस्सीची फी जवळजवळ नसतेच, राहण्याखाण्याचाच काय तो खर्च, आणि युरोपातल्या काही विद्यापीठांच्या एकत्रित एमेस्सीला इरास्मस मुंडसची स्कॉलरशिप मिळाली तर तोही सुटतो. मग जो रस्ता बिनपैशाचा आहे त्याच्यासाठी बहिणीचं छप्पर कशाला?

भाचा म्हणेल तिथे नोकरी लागेल. त्याला त्या विद्यापीठाला एक ईमेल करायला सांगा, गेल्या दोन बॅचची मुलं आज कुठे आहेत. पीएचडीला गेलेली किती आणि बाहेरदेशच्या मुलांपैकी किती. उत्तर गोलगोल आलं तर तुम्हाला उत्तर मिळालं. आणि समजा पीएचडीच मिळाली, तर पुढची चार-पाच वर्षं स्टायपेंडमधून हप्ता कोण भरणार हे बहिणीसमोर कागदावर मांडा. रागावेल दोन दिवस. मामाने एवढं सोसायचं.

पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे, वय २९. गाइड म्हणतात निदान दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन नोकऱ्या) बाहेर केल्याशिवाय इकडे फॅकल्टीचं नाव काढू नको. घरी स्थळं आणून बसलेत. मला आताशा पेपर उघडायचीच इच्छा होत नाही. सोडलं तर एवढी वर्षं वाया जातील ना? (मुलुंड)

आधी हे सांग, थिसिस संपायला किती राहिलंय? एक-दीड वर्ष असेल तर संपव, डोळे मिटून संपव, आत्ता पोस्टडॉकचा विचारच करू नकोस. चौथ्या वर्षाला पेपर उघडायची इच्छा कोणालाच होत नाही, मी ज्यांच्यासोबत एका खोलीत बसायचे ते पाचही जण त्या वर्षी एकतर रडायचे नाहीतर भटकायला जायचे. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर तो वेगळा प्रकार आहे, त्यासाठी डॉक्टरकडे जा, संस्थेत काउन्सेलर असेल तर आधी तिथे.

गाइड खोटं बोलत नाहीयेत. एक पोस्टडॉक दोन-तीन वर्षांचा, दोन केले की तू पस्तिशीला पोचलीस, आणि मग इकडे एखादी जागा निघते तिथे तुझ्यासारखेच चांगले दहाजण उभे. शिडी वर जाईल तशी अरुंद होत जाते, आणि ते तुझ्या हुशारीवर नसतं, त्या वर्षी कुठल्या विषयाचा माणूस हवाय त्याच्यावर असतं. पण गाइडना एकच रस्ता माहीत असतो कारण ते त्याच रस्त्याने आलेत. हिंगोलीला औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा उभी राहतेय, २०२३ ला केंद्राने साधारण २६०० कोटी मंजूर केले, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, लेझर, व्हॅक्यूम. एसकेए या ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिकेतल्या महादुर्बिणीत भारत भागीदार आहे, त्याला १२५० कोटींची मंजुरी आहे. असल्या ठिकाणी नुसते पेपर लिहिणारे पुरत नाहीत, यंत्र समजणारे, सॉफ्टवेअर सांभाळणारे, डेटा तपासणारे कायमचे लागतात. तुला पेपरचा कंटाळा आलाय का यंत्राचा, हे एकदा एकटी बसून ठरव, दोन्ही वेगळे असतात. आणि सगळ्याचाच आला असेल तर वर भांडुपच्या मुलाला लिहिलंय ते वाच, पीएचडीवाल्यांना तिथे दार जरा मोठं उघडतं.

"वाया" म्हणतेस त्यावर मी पटकन काही बोलत नाही कारण मलाही सोडल्यावर वर्षभर तेच वाटत होतं. ऑफिसमधून घरी येताना लोकलच्या खिडकीतून मृग दिसला की मान फिरवायचे. मग कधी थांबलं ते कळलं नाही.

स्थळांचं माझं खातं नाही, तरी एक. पहिल्या भेटीतच सांगून टाक की मला दोन वर्षं कुठल्याही देशात जावं लागू शकतं. जो "मग मी काय करायचं" असं खरोखर विचार करून विचारेल त्याच्याशी दुसऱ्यांदा चहा घे.

मी बी.कॉम., वय ४१, एका कुरिअर कंपनीत अकाउंट्स बघतो. लहानपणापासून आकाशाचं वेड. आता या वयात या क्षेत्रात काही करता येईल का, का उशीर झाला? (लालबाग)

दादा, नोकरी म्हणून उशीर झाला, हो. प्लीज कुठलाही महागडा ऑनलाइन "ॲस्ट्रॉनॉमर सर्टिफिकेट" कोर्स घेऊ नका, त्या कागदावर कोणी काही देत नाही.

पण ॲस्ट्रॉनॉमी हा अशा थोड्या विषयांपैकी एक आहे जिथे हौशी माणसाचं काम खरोखर धरलं जातं. २००७ ला गॅलेक्सी झू नावाच्या प्रकल्पात लोकांना दीर्घिकांचे फोटो बघून त्यांचे प्रकार सांगायला बसवलं होतं, त्यात नेदरलँड्समधल्या एका शाळामास्तरणीला एक हिरवा-निळा विचित्र डाग दिसला जो कोणाच्याच लक्षात आला नव्हता, आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. तेज कमीजास्त होत राहणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवणारी एएव्हीएसओ ही संघटना १९११ पासून हौशी लोकांच्या जिवावर चाललीये. रोज हजार एंट्री तपासणाऱ्या अकाउंटंटला जो डोळा असतो ना, तोच लागतो तिथे.

जोडधंदा म्हणत असाल तर आकाशदर्शनाचे कार्यक्रम आहेत. लडाखला हानलेमध्ये गावातल्या लोकांनाच दुर्बिणी देऊन तयार केलंय, ते पर्यटकांना आकाश दाखवतात. आपल्याकडे पेंचला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार मुद्दाम जपलेली जागा, झालं. मुंबईच्या आजूबाजूच्या रिसॉर्टवालेही वीकेंडला दुर्बीणवाला माणूस शोधत असतात. पावसाचे चार महिने शून्य, पौर्णिमेच्या आसपास शून्य, त्यामुळे नोकरी सोडून नाही, नोकरी धरून. त्याआधी वरळीच्या नेहरू तारांगणात दोनतीनदा जाऊन या आणि बोलणारा माणूस गर्दीला कसा धरून ठेवतो ते ऐका, कारण दुर्बीण कोणीही विकत घेतो, बोलता सगळ्यांना येत नाही.

सुरुवात मात्र वांगणीपासून करा. खगोल मंडळाचे लोक वर्षानुवर्षं तिथे रात्रभराचं आकाशदर्शन करतात, त्यांचं पुढचं वेळापत्रक बघा आणि नाव नोंदवा. करी रोडहून दादर, तिथून कर्जत लोकल. चटई, स्वेटर, माकडटोपी (हसू नका, पहाटे तीनला आठवण काढाल), थर्मासमध्ये चहा. आणि टॉर्चला लाल जिलेटिन लावून न्या, पांढरा पेटवलात तर अंधारातून एकदम वीस जण ओरडतील आणि त्यातली एक मी असू शकते.